चूक सापडते, खूण हुकते

अमेरिकेत कोणी निवडून आलं, कुठे पूल कोसळला, कुठे नवी साथ आली की दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पिवळ्या चेहऱ्यांचं एक चित्र हमखास येऊन पडतं. ‘या कार्टूनने वीस वर्षांपूर्वीच सांगितलं होतं!’ खाली हात जोडलेले आणि डोळे विस्फारलेले चेहरे. ग्रुपवर मुंबईचे चाकरमानी आहेत, गावातले बागायतदार आहेत, निवृत्त गुरुजी आहेत. यातल्या बहुतेकांनी ‘द सिम्पसन्स’चा एक भागही धड पाहिलेला नाही. त्यांच्या लेखी ही विनोदी मालिका नसून नॉस्ट्रॅडॅमसची धाकटी पाती आहे.

यातली बरीचशी चित्रं बनावट असतात, कोणीतरी नंतर बसून रंगवलेली. पण दोन-तीन गोष्टी खऱ्या आहेत. २००० सालच्या एका भागात ट्रम्प राष्ट्राध्यक्ष होऊन गेल्याचा उल्लेख येतो. त्याच सुमारास ट्रम्प रिफॉर्म पार्टीकडून उभं राहण्याच्या गोष्टी करत होते, म्हणजे लेखकांनी कालच्या वर्तमानपत्रातली बातमी ताणून विनोद केला होता. १९९८ च्या एका भागात फॉक्स कंपनीच्या पाटीवर ती डिस्नेच्या मालकीची असल्याचं दाखवलंय, आणि २०१९ मध्ये डिस्नेने फॉक्सचा मोठा हिस्सा खरोखरच विकत घेतला. मालिका १९८९ पासून चालू आहे, साडेसातशेहून जास्त भाग झाले, एकेका भागात डझनावारी टोमणे. एवढे दगड मारल्यावर एखादा आंबा पडायचाच.

भाबडेपणाबद्दल माझी फारशी तक्रार नाही. तक्रार वेगळी आहे. इतक्या बारकाईने रचलेली मालिका आपल्याकडे येते ती दोनच वेषांत. एक तर भविष्यवाणी म्हणून, नाहीतर ‘बघा यांच्या चुका’ म्हणून. मोबाइलवर असे व्हिडिओ ढिगाने मिळतात: आत्ता कप डाव्या हातात होता, आता उजव्या हातात, आत्ता भिंतीवर चित्र होतं, आता नाही. हे मुलांनाही जमतं, आणि मुलांना आवडतंही. चूक पकडायला दोन डोळे पुरतात. पण लेखकाने मुद्दाम पेरलेली खूण ओळखायची तर ती जिथून आली त्या मुलखात आपला एक पाय रोवलेला असावा लागतो. कोकणातल्या मुलांच्या पडद्यावर आज जी विनोदी कार्टूनं चालतात त्यांत त्यांचा पाय कुठेच टेकत नाही. हा घरातल्या रिमोटचा प्रश्न म्हणून सोडून देण्यासारखा नाही. पहिलीत कोणती भाषा शिकवायची यावर रस्त्यावर उतरणाऱ्या राज्याने याकडेही बघायला हवं.

आधी खुणांबद्दल, कारण मजा तिथे आहे. होमर सिम्पसनच्या डोक्याकडे बाजूने बघा. कानावरच्या केसांची नागमोडी रेघ म्हणजे इंग्रजी ‘एम’ आणि खाली कानाचा ‘जी’. निर्माता मॅट ग्रेनिंगची आद्याक्षरं त्याच्या नायकाच्या टाळूखाली बसली आहेत. कधी कैद्याच्या गळ्यातल्या पाटीवर ‘ए ११३’ असा क्रमांक दिसतो. कॅलिफोर्नियातल्या ज्या कलासंस्थेत अमेरिकेतल्या कित्येक अ‍ॅनिमेशनकारांनी रेघ ओढायला शिकली, तिथल्या एका वर्गखोलीचा हा नंबर. ते पुढे वेगवेगळ्या कंपन्यांत विखुरले, पण जिथे संधी मिळेल तिथे हा नंबर कोपऱ्यात टाकत राहिले. आपला शाहीर शेवटच्या कडव्यात स्वतःचं आणि गुरूचं नाव गुंफतो, त्यातलाच हा प्रकार. दुकानदार अपूचं नाव सत्यजित राय यांच्या अपूवरून घेतलेलं आहे. अमेरिकेत बसून हसणाऱ्या किती जणांना हे कळलं असेल कोण जाणे. कळणाऱ्यांसाठी ते तिथे आहे.

आणि गणित. १९९८ च्या एका भागात होमर संशोधक व्हायचं मनावर घेतो आणि फळ्यावर काहीबाही खरडतो. त्यातली एक ओळ अशी: ३९८७ चा बारावा घात अधिक ४३६५ चा बारावा घात बरोबर ४४७२ चा बारावा घात. चित्र क्षणात निघून जातं. पण ज्याला फर्माचं शेवटचं प्रमेय ऐकून माहीत आहे तो दचकतो. दोनहून मोठ्या घातासाठी असं समीकरण धन पूर्णांकांत कधीही जुळत नाही, असं फर्मा सतराव्या शतकात पुस्तकाच्या समासात लिहून गेला, आणि तीनशेहून जास्त वर्षं गणितज्ञांना छळल्यानंतर अँड्र्यू वाइल्सने १९९५ मध्ये त्याची पक्की सिद्धता छापली. मग होमरच्या फळ्यावर हे कसं जुळलं? कॅल्क्युलेटर घ्या आणि करून बघा. दोन्ही बाजूंचे पहिले दहा आकडे तंतोतंत सारखे येतात. साधा कॅल्क्युलेटर पुढचं दाखवतच नाही, त्यामुळे तो म्हणतो, बरोबर.

आता कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा आणि शाळेतली तीनची कसोटी लावा. ३९८७ च्या अंकांची बेरीज २७, तीनने भाग जातो. ४३६५ ची बेरीज १८, जातो. म्हणजे डावी बाजू अख्खी तीनच्या पाढ्यात. ४४७२ ची बेरीज १७. नाही जात. संपलं. वाइल्सच्या सिद्धतेला हात न लावता, जिल्हा परिषदेच्या शाळेतला पोरगा होमरला खोटं पाडू शकतो. लेखक डेव्हिड कोहेनने असे ‘जवळजवळ जुळणारे’ आकडे शोधायला खास संगणक प्रोग्रॅम लिहिला होता. याच्या तीन वर्षं आधीच्या एका भागातही असंच एक खोटं समीकरण होतं, तिथे डावी बाजू विषम आणि उजवी सम येत होती, म्हणजे ते आणखी लवकर उघडं पडायचं. दुसऱ्या वेळी त्याने ती फटही बुजवली. ही चूक आहे की खूण? दोन्ही. मुद्दाम केलेली चूक, जी फक्त लक्ष देणाऱ्यालाच चूक म्हणून दिसेल. याच मंडळींच्या ‘फ्युचरामा’ या दुसऱ्या मालिकेत १७२९ हा आकडा वरचेवर डोकावतो. इंग्रज गणितज्ञ हार्डीने रामानुजनला सांगितलेला टॅक्सीचा नंबर. आपल्या माणसाची आठवण त्यांनी अवकाशयानावर रंगवून ठेवली, आणि आपण मात्र त्याच लेखकांकडे पुढच्या निवडणुकीचं भाकीत मागतो.

खऱ्याखुऱ्या चुकाही या मालिकेत खंडीभर आहेत आणि त्यांची कारणं समजून घेतली तर हसू थोडं कमी येतं. संहिता, आवाज आणि मुख्य आराखडा लॉस एंजेलिसमध्ये तयार होतो, मधली हजारो चित्रं दक्षिण कोरियातल्या स्टुडिओत काढली जातात. एका भागाला बरेच महिने लागतात, शेकडो हातांतून तो जातो. १९९० च्या जानेवारीत दाखवलेल्या एका भागात स्मिदर्स हे पात्र चक्क काळ्या वर्णाचं आहे, नंतर कायम पिवळं. रंग ठरवताना झालेला घोळ, पुन्हा रंगवायला पैसे नव्हते, तसाच गेला. जो भाग पहिला म्हणून दाखवायचा होता तो इतका वाईट बनून आला की त्याचा मोठा हिस्सा नव्याने करावा लागला आणि तो पहिल्या हंगामाच्या शेवटी गेला. म्हणून १७ डिसेंबर १९८९ ला मालिका सुरू झाली ती नाताळच्या भागाने. असल्या चुका म्हणजे कामाचे घट्टे. त्या दाखवून कोणी शहाणा ठरत नाही. मुंबईच्या स्टुडिओत परदेशी मालिकांसाठी रात्र-रात्र चित्रं काढणारी आपली पोरं आहेत, त्यांना विचारा पात्राचा कप एका हातातून दुसऱ्या हातात कसा जातो ते.

वयाचंही तसंच. होमरचा मुलगा बार्ट १९८९ मध्ये दहा वर्षांचा होता, आजही दहाचाच. होमर कधी ३६, कधी ३८, कधी ३९. १९९१ च्या एका भागात होमर आणि त्याची बायको मार्ज १९७४ मध्ये शाळेत होते, २००८ च्या एका भागात त्यांची तरुणाई थेट नव्वदच्या दशकात येऊन बसते. चाहते खवळले. मला हा राग पटत नाही. आपला कृष्ण शेकडो वर्षं गोकुळात लोणी चोरतोय, त्याला कोणी वयाचा दाखला मागत नाही.

एक राग मात्र पटतो. १९९७ मध्ये लेखकांनी असा एक भाग केला की आठ वर्षं प्रेक्षक ज्याला मुख्याध्यापक स्किनर म्हणून ओळखत होते तो तोतया निघाला. भागाच्या शेवटी न्यायाधीश फर्मान काढतो की हा विषय पुन्हा कोणी काढायचा नाही. त्या पात्राला आवाज देणारा नट हॅरी शिअरर यानेच उघडपणे नापसंती दाखवली होती. तिथे कोणाचा हात चुकला नव्हता, वर्षानुवर्षं जीव लावलेल्या प्रेक्षकाची लेखकांनी केलेली ती थट्टा होती. हा फरक चूकशोध्यांना कळत नाही, कारण त्यांच्या वहीत कप आणि मुख्याध्यापक एकाच रकान्यात पडतात. गंमत म्हणजे त्याच वर्षी लेखकांनी चूकशोध्यांचीही हजेरी घेतली होती. एका भागात एक चाहता उठून विचारतो की अमुक कार्टूनमध्ये मांजराच्या त्याच बरगडीवर दोनदा ठोकल्यावर दोन वेगळे सूर कसे निघाले. कान तीक्ष्ण आहे. पण एवढं ऐकणाऱ्या त्या कानाला बाकी काहीच ऐकू आलेलं नसतं.

हे सगळं वाचून सिंधुदुर्गातल्या एखाद्याला वाटेल, यात नवीन काय? बरोबर आहे. आपल्या जत्रेत हे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. संध्याकाळी आख्यान ठरतं, कोणी कोण व्हायचं ते ठरतं, नट स्वतःचे चेहरे स्वतः रंगवतात आणि रात्री देवळापुढे एक बाकडं, एक पडदा, हार्मोनियम, पखवाज आणि झांजेच्या जोरावर पहाटेपर्यंत राज्यं उभी राहतात आणि पडतात. अशा खेळात चुका होणारच. एका जत्रेत राजा दरबारात येऊन बसला आणि पुढे चटईवर बसलेलं एक पोर मोठ्याने ओरडलं, ‘राजाच्या हातात घड्याळ!’ मंडप हसला. राजाने सावकाश मनगट वर केलं, नीट न्याहाळलं आणि म्हणाला, ‘प्रधानजी, सातासमुद्रापारच्या व्यापाऱ्याने नजराणा दिला खरा, पण याचे काटे आमच्या आज्ञेत नाहीत.’ पुढे नारद उशिरा आला. उशीर का झाला म्हणून विचारल्यावर पट्टीच्या मराठीतून थेट मालवणीत उतरला: ‘काय सांगा महाराज, हायवेचा काम चालू आसा. खड्डे चुकयता चुकयता वीणेचे तारो तुटले.’ मुंबई-गोवा महामार्गाने वर्षानुवर्षं काय दिलं असेल तर ते हे, दर हंगामाला नवा विनोद.

या दोन मिनिटांत काय काय झालं बघा. मुलाने चूक पकडली, नटाने ती कथेत ओढून घेतली, आणि मग एक खूण पेरली जी त्या मंडपातल्या प्रत्येकाला, एसटीतून हाडं खिळखिळी करून आलेल्या चाकरमान्यालाही, तिथल्या तिथे कळली. कोणी समजावून सांगितलं नाही. रत्नागिरीकडच्या नमन या लोकनाट्यात गवळणींच्या मागे येणारी मावशी हेच करते. शक्ती-तुऱ्याच्या बारीत तर समोरच्या शाहिराने पुराणाचा संदर्भ चुकवला की त्याची गाण्यातच सालटी निघतात, आणि ती काढायला आधी पुराण पाठ असावं लागतं. चूक काढायची तर जाणकारीची किंमत मोजावी लागते. आणि गावच्या नाटकाची फजिती हाच विषय घेऊन १९८० मध्ये रंगभूमीवर आलेलं, गंगाराम गवाणकरांचं मालवणी ‘वस्त्रहरण’ मच्छिंद्र कांबळींनी हजारो प्रयोगांपर्यंत नेलं. त्यात द्रौपदीपासून दुःशासनापर्यंत एकाचाही ताळमेळ नसतो, आणि प्रत्येक घोळ आपल्या गावात घडलाय असंच वाटतं. ज्या मुलखाचा विनोद चुकांवर पोसलाय तिथल्या माणसाला बारीक नजर शिकवायची गरज नाही.

मग या मुलखातलं मूल पडद्यासमोर बसल्यावर काय होतं? शेजारचा पाच-सहा वर्षांचा एक जण पावसाळ्यात खळ्यातून तांबड्या मातीचे पाय घेऊन पडवीत शिरला, आजीने ओरडून पुन्हा न्हाणीकडे पिटाळला. पाय धुऊन आला तर टीव्हीवर डोरेमॉन बाहेरून भटकून तसाच घरात चाललेला. याने लगेच विचारलं, ‘आज्ये, तो भायरसून तसोच घरात इलो, मगे तेच्या पायाक चिखल कसो नाय?’ आजी म्हणाली, ‘तेची आवस लादी पुसता आसतली.’

प्रश्न अस्सल होता. जपानमध्येही लोक घरात पादत्राणं घालत नाहीत, त्यामुळे तिथल्या मुलांनाही तो पडला, आणि निर्मात्यांना उत्तर द्यावं लागलं: डोरेमॉनचे पाय जमिनीला लागतच नाहीत, तो काही मिलिमीटर अधांतरी तरंगतो. दशावतारातल्या घड्याळवाल्या राजाला शोभेल असं उत्तर. पण या मुलाला ते कधी मिळणार नाही. डोरेमॉनची उंची १२९.३ सेंटिमीटर, वजन १२९.३ किलो, जन्मतारीख ३ सप्टेंबर २११२, म्हणजे जपानी पद्धतीने आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहिली तर शेवटी पुन्हा तेच आकडे, ही खूण त्याला दिसणार नाही. १९६९ च्या अखेरीस ही चित्रकथा सुरू झाली तेव्हा तिथल्या चौथीच्या मुलांची सरासरी उंची १२९.३ होती. यंत्रमांजराने मुलाकडे वरून बघू नये, बरोबरीने बघावं, यासाठी तो आकडा निवडलेला. किती हळवी गोष्ट! आपल्यापर्यंत येईतो जपानी दोरायाकीचा ‘डोरा केक’ झालेला असतो, गल्लीची ‘कॉलनी’ झालेली असते आणि सगळे हिंदीत बोलत असतात. डबिंगवाल्यांना दोष देऊन उपयोग नाही, त्यांना देशभर एकच माल विकायचाय. पण त्या चाळणीतून चूक खाली उतरते आणि खूण वरच अडकते. चित्र तसंच राहतं, शब्द पुसले जातात.

हिंदीचा विषय निघालाच आहे तर. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचे शासन निर्णय एप्रिल आणि जूनमध्ये निघाले, विरोध झाला आणि २९ जूनला ते मागे घेतले गेले. विरोध योग्यच होता असं माझं मत आहे. मात्र तेव्हा भाषणं करणाऱ्या कित्येकांच्या घरी तीन वर्षांचं पोर त्याच वेळी टीव्हीसमोर बसून ‘बचाओ, बचाओ’ म्हणत सोफ्यावरून उड्या मारत होतं. कार्टूनवाल्यांना शासन निर्णय लागत नाही. बांगलादेशाने २०१३ मध्ये हिंदीतला डोरेमॉन बंद केला, कारण मुलं घरात हिंदी बोलायला लागली होती. नंतर तिथे बांगलातला डोरेमॉन आला. बंदी हा उपाय मला अजिबात मान्य नाही, कारण बंदीने मूल मोबाइलवर जातं. पण त्यानंतरचं पाऊल उचलायला आपल्याला कोणी अडवलंय?

इथे एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. डोरेमॉन परका म्हणाल, पण मोटू-पतलू आणि छोटा भीम तर इथलेच ना? इथलेच म्हणजे कुठले? फुरफुरी नगर कुठे आहे, ढोलकपूर कुठे आहे? स्प्रिंगफिल्ड कोणत्या राज्यात आहे हे सिम्पसन्सवाले मुद्दाम सांगत नाहीत, तो त्यांचा जुनाच विनोद आहे. पण त्या गावात अणुऊर्जा केंद्र आहे, मद्यपी आणि चर्च आहे, बंद पडत आलेली शाळा आहे, लाच खाणारा महापौर आहे. नाव गुलदस्त्यात, गाव मात्र शंभर टक्के खरं. फुरफुरी नगरात समोसे आहेत. बाजार कोणत्या वारी भरतो, पाऊस कधी लागतो, वीज गेली की लोक कोणाला शिव्या घालतात, काही नाही. सगळ्यांना आपलं वाटावं म्हणून कोणाचंच न ठेवलेलं गाव. आणि मुलखाची ओळख म्हणून जी एक गोष्ट आहे ती म्हणजे इन्स्पेक्टर चिंगमची दक्षिणी ढंगाची हिंदी. अपूच्या उच्चारांवरून अमेरिकेतल्या भारतीयांनी एवढा आक्षेप घेतला की २०२० मध्ये हँक अझारियाने त्याला आवाज देणं सोडलं, आपणही माना डोलावल्या. चिंगमवर मात्र आपण बिनदिक्कत हसतो. मालवणी बोलणारा माणूस मराठी मालिकांत गडी, आचारी किंवा भूत म्हणूनच का दिसतो, हा प्रश्न ज्यांना टोचतो त्यांनी चिंगमकडेही एकदा बघावं.

मराठीत, त्यातही कोकणातल्या एका गावाचं, विनोदी कार्टून काढायचं तर बघणार कोण, खर्च कसा निघणार, असं म्हणणारे दुसऱ्या टोकाला आहेत. खर्चाचं खरं आहे. अ‍ॅनिमेशन महाग असतं, लहान बाजाराला परवडत नाही, म्हणूनच यात सरकारी पैशाला जागा आहे. २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अ‍ॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्स यांसाठी कृतिदल नेमायची घोषणा झाली, राज्याच्या मंत्रिमंडळानेही २०२५ मध्ये या क्षेत्रासाठी धोरण मंजूर केलं. या सगळ्याची भाषा गुंतवणूक, रोजगार, संकुलं, निर्यात अशी आहे. असू दे, पोरांना नोकऱ्या हव्यातच. पण परक्यांच्या गोष्टीतली मधली चित्रं स्वस्तात काढून देणं यालाच आपण उद्योग म्हणणार असू, तर सोलमधल्या स्टुडिओची जागा मालाडने घ्यावी एवढीच आपली झेप. त्या पैशातला एक ठरावीक वाटा मराठीत आणि तिच्या बोलींत मूळ गोष्टी रचण्यासाठी बांधून ठेवा, अशी मागणी कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात माझ्या नजरेस आलेली नाही. मासेमारी, आंबा-काजू, विमानतळ हे सगळं असतं. मुलं काय बघून हसतात याला मतं नसतात.

आणि बघणार कोण म्हणाल, तर जत्रेच्या रात्री थंडीत शाल गुंडाळून पहाटेपर्यंत बसणारे लोक बघणार. तेच लोक मोबाइलवरही आहेत, दशावताराची चित्रफीत घाटकोपरच्या खोलीत बसून बघतात. शिवाय इथे हात आहेत. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातली घराणी पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी सांगत आली. सुट्या कागदांवरची चित्रं एकामागून एक समोर धरायची, टाळ-हुडुकाच्या साथीने कथा गायची. सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता. त्यांच्याकडे कळसूत्री बाहुल्या आहेत, चामड्याच्या सावल्यांच्या बाहुल्या आहेत. परशुराम गंगावणे यांना २०२१ चा पद्मश्री मिळाला तेव्हा सगळ्यांनी अभिनंदनाचे फलक लावले. चित्र पुढे सरकवून गोष्ट सांगण्याचं हे शास्त्र या जिल्ह्यात टीव्हीच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि ते आपण पर्यटकांना दाखवायच्या वस्तूंमध्ये जमा करून टाकलंय.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. नवी संस्था नको, कोनशिला नको. जूनपासून दिवाळीपर्यंत दशावताराचे पेटारे माळ्यावर असतात, राजे आणि नारद भाताच्या लावणीत नाहीतर कोणाच्या तरी रंगकामावर. लावणी आटोपली की त्यांच्यातल्या चार-पाच जणांना कुडाळात एका खोलीत आणून बसवा. सोबत पिंगुळीचे दोन चित्रकार द्या, मुंबईहून कंटाळून परतलेली दोन-तीन अ‍ॅनिमेशनवाली मुलं द्या, आणि बाजूच्या शाळेतली दहा-बारा पोरं रोज संध्याकाळी तासभर आत सोडा, चुका काढायला. गावाचं नाव काही ठेवा, पण त्यात आठवडी बाजार असू दे, गावकार-मानकऱ्यांची भांडणं असू दे, एसटीची वेळ असू दे आणि ती कधीच न पाळली जाऊ दे. पात्रं मालवणीत बोलू देत, तळटीप न देता, कारण बारावा घात कळेल की नाही याची फिकीर होमरच्या लेखकांनीही केली नव्हती. मानधन मात्र जत्रेच्या नारळ-सुपारीच्या हिशेबाने ठरवू नका. लॉस एंजेलिसच्या लेखकाइतकं नको, पण महामार्गाच्या सल्लागाराला दर महिन्याला जे मिळतं त्याच्या जवळपास तरी द्या, कारण त्या रस्त्यातून निदान विनोद तरी यांनीच बाहेर काढलाय.